विझवण्याची परवानगी

यंत्र बंद होणार, याबद्दल घरात आता कोणाचंच दुमत उरलं नव्हतं. वाद होता तो शेवटच्या शॉटचा. तो मिटायच्या आत सगळी मंडळी जेवायला एकत्र बसली, आणि चूक झाली ती तिथेच.

शेवटचा दिवस म्हणून संस्थेने काम करणाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. सकाळचं सत्र आटोपलं होतं, दुपारचं सुरू व्हायला अवकाश होता. कॅन्टीनमागची काचेची खोली एरवी पाहुण्या शास्त्रज्ञांसाठी राखलेली असे. आज ती थोरलीच्या घरच्यांना मिळाली. टेबलाच्या टोकाला तिचे वडील नाना, त्यांच्या उजव्या हाताला थोरली, समोर तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकट्याची मुलगी सगळ्यात शेवटी आली आणि गळ्यातलं ओळखपत्र न काढताच बसली. तिला घरात ठिणगी म्हणत. तान्ही असताना फार रडायची म्हणून नानांनी ठेवलेलं नाव. मोठेपणी ती इतक्या थंड डोक्याची निघाली की धाकटा म्हणे, नानांच्या नजरेतून उभ्या जन्मात एवढी एकच गळती सुटली.

नानांचा जन्म गळती शोधण्यातच गेला होता. यंत्राचं पात्र म्हणजे एक पोकळ पोलादी कडं, माणूस वाकून आत शिरू शकेल एवढं. त्यातली हवा जवळजवळ शेवटच्या कणापर्यंत उपसायची, तर केसाहून बारीक भेगही चालत नाही. नाना बाहेरून हेलियमची फुंकर मारत पात्राभोवती फिरत, आतल्या उपकरणाला हेलियम लागला की त्या जागी खडूने खूण करत. खुणेवर वेल्डिंग होई. ते निवृत्त होईपर्यंत त्या पात्रात नको ती हवा शिरली नव्हती. त्यात पेटतं काय, ते मात्र त्यांना कधी नीटसं कळलं नाही. ते कळून घ्यायला थोरली भौतिकशास्त्राकडे वळली.

कड्यात हायड्रोजनचा विरळ वायू सोडतात. त्यातून प्रचंड प्रवाह खेळवला की वायूचा प्लाझ्मा होतो, सूर्याच्या गाभ्याइतका तापतो. भिंतीला तो टेकता कामा नये, म्हणून चुंबकीय क्षेत्राने त्याला मधोमध अधांतरी धरायचं. पेटवायचा, काही सेकंद धरायचा, विझवायचा; याला शॉट म्हणतात.

पेटवणारे पुष्कळ होते, धरणारेही. थोरलीने उमेदीची सगळी वर्षं विझवण्यात घातली. प्लाझ्मा बेसावध विझला तर कोसळतो. पापणी लवायच्या आत त्यातला प्रवाह भिंतीत उतरतो आणि टनांवारी वजनाचं पात्र जागच्या जागी उडी मारतं. लहान यंत्रं हे सोसतात. म्हणून मोजमापं झाली की शॉट संपला असंच सगळे धरत, पुढचं प्लाझ्माच्या नशिबावर. थोरलीचं म्हणणं होतं की जसा पायरीपायरीने चढवतो तसाच तो उतरवायला हवा. बाकीचे आधी तापवणं बंद करत. ती म्हणे, ते शेवटपर्यंत थोडं चालू ठेवा. आधी प्लाझ्माची उंची कमी करा, मग घनता, मग प्रवाह. परिषदेत तिचं भाषण शेवटच्या दिवशी शेवटी असे, निम्मे श्रोते बॅगा उचलून विमानतळाकडे निघालेले. सहकारी तिला अग्निशामक दल म्हणत. मग बऱ्याच देशांनी मिळून एक महाकाय यंत्र बांधायला घेतलं. त्याच्या पात्राला असे धक्के परवडणारे नव्हते, आणि मंडळींना विझवण्याची आठवण झाली.

त्या यंत्रावर रोजचा प्लाझ्मा कसा विझवायचा, हे ठरवणारी समिती पुढच्या आठवड्यात बसणार होती. थोरलीची रीत त्यांना पसंत होती, पण त्यांची अट एकच: कुठल्या तरी यंत्रावर पूर्ण प्रवाहाने एकदा करून दाखवा. थोरलीने अर्ध्या प्रवाहावर ते पुष्कळदा केलं होतं. पूर्ण प्रवाहाची वेळ मागितली की दर वेळी दुसऱ्या कोणाचं तरी काम तातडीचं निघे. आज शेवटचा शॉट तिच्या वाट्याला आला होता. यानंतर यंत्र सुटं करून दुसऱ्या एका विद्यापीठाला जायचं होतं. तिथे ते पुन्हा पेटेपर्यंत थोरली निवृत्त झालेली असणार आणि समितीचं काम केव्हाच उरकलेलं.

दुपारच्या सत्राची प्रमुख होती ठिणगी. पाळी फिरती होती, तिच्यावर आली. सत्रप्रमुखाने हो म्हटल्याशिवाय शॉट होत नाही, मग संचालक का सांगेनात. आणि ठिणगीने सकाळीच सांगितलं होतं, पूर्ण प्रवाहाला तिचं मन घेत नाही. प्लाझ्मा वरखाली घसरू लागला तर त्याला सावरणाऱ्या कॉइल, म्हणजे चुंबकीय वेटोळी, आहेत. त्यांना वीज देणारे दोन संच. त्यातला एक मागच्या आठवड्यात बंद पडला होता आणि आता त्याचे सुटे भाग आणायला कोणी तयार नव्हतं. एकट्या दुसऱ्यावर पाऊण प्रवाह सावरता आला असता. पूर्ण प्रवाहावर प्लाझ्मा घसरला तर कोसळणारच, पात्राला भेग गेली तर विद्यापीठ ते घेणार नाही, आणि तिथली मुलं यंत्राची वाट बघत बसलेली.

थोरलीचं उत्तर तयार होतं. तिच्या रीतीत उंचीच आधी कमी होते, आणि बुटका प्लाझ्मा घसरत नाही. एक संच पुरे.

दोघींपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. निकाल जेवणानंतर नियंत्रण कक्षात लागायचा होता. तिथला एक नियम दोघींनी ठिणगी कामाला लागली तेव्हाच ठरवला होता: त्या दाराच्या आत आत्या नाही आणि भाची नाही. आत थोरली 'मॅडम' होती.

पण नानांना कोण सांगणार? त्यांनी सूप संपवलं आणि चमचा ठेवताठेवता विचारलं, शेवटचा शॉट पूर्ण ताकदीचा ना? थोरली म्हणाली, बघू. हे 'बघू' त्यांनी ओळखलं. कोण अडवतंय असा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि ठिणगीने हात वर केला.

तिने त्यांना वीजसंचाचं सगळं नीट समजावून सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पात्राचं मला सांगू नकोस. ते माझं आहे. त्याला काही होत नाही."

धाकटा हसला. तो दाताचा डॉक्टर. कोणाचं दुखत असलं की आधी हसवायची सवय. "कानामागून आली आणि तिखट झाली," तो लेकीला म्हणाला. हसत म्हणाला, पण त्याच्या मनात दुसरंच होतं. ठिणगी शिकायला या शहरात आली तेव्हा थोरलीने तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं. तापात उशाशी बसली होती, परीक्षांना गाडीने सोडलं होतं. ताईने लग्न केलं नाही, कोणाकडे कधी काही मागितलं नाही. आता तिच्या आयुष्याच्या कामाला आपल्याच पोरीने आडवं यावं, याची त्याला लाज वाटत होती. त्याने मुलीला विचारलं की आत्याला या विषयातलं जास्त कळतं की तुला. ठिणगी म्हणाली, आत्याला. मग?

 ठिणगीने पाण्याचा घोट घेतला.

तिची आई भूलतज्ज्ञ होती आणि टेबलावर सर्वांत कमी बोलणारी. नणंद-भावजयीचं उघड भांडण कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं धाकट्याला अधूनमधून वाटे. लेक घरातून गेली ती त्या कड्यात गेली आणि परत आली ती नणंदेची सहकारी होऊन, हे वहिनीने पचवलं होतं, विसरली नव्हती. आज तिला एवढंच हवं होतं की हे प्रकरण संपावं. यंत्र जाईल, थोरलीचं मागणं पुरं होईल, कोणी कोणाचं देणं लागणार नाही. ती हलकेच म्हणाली, "एवढं ताणू नकोस गं. हो म्हण आणि मोकळी हो."

तिघं एका बाजूला झाले. थोरली अजून काही बोलली नव्हती. तिने बोलायला नको होतं. हे तिला कळतही होतं. ताटातला पाव मोडत ती सहज बोलल्यासारखं बोलली:

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

 काचेबाहेर कॅन्टीनचा माणूस खुर्च्या सरकवत होता.

"नाही," ठिणगी म्हणाली. "बरं. करू पूर्ण प्रवाहाने."

एकदम सगळ्यांना भूक लागली. धाकट्याने फळं मागवली. नानांनी पंपातून बुडबुड्यांचा आवाज आला आणि आत बेडूक निघाला ही गोष्ट पुन्हा सांगितली, ती सगळ्यांना पाठ होती आणि सगळे हसले. वहिनी लेकीच्या ताटाकडे बघत होती. ठिणगीने उकडलेल्या बटाट्याचे चार तुकडे केले, मग त्यांचे आठ, मग आणखी बारीक. खाल्ला एकही नाही.

हात धुवायच्या बेसिनपाशी वहिनीने थोरलीला गाठलं. दोघी आरशातून एकमेकींकडे बघत होत्या. वहिनी आपल्या कामाबद्दल घरी कधी बोलत नसे, म्हणून थोरलीला आधी कळलंच नाही की हे कशाबद्दल चाललंय.

"नातेवाईक पलंगाभोवती उभे असले तर आम्ही संमती घेत नाही," वहिनी म्हणाली. "पेशंट त्यांच्या तोंडाकडे बघून हो म्हणतो. मी सगळ्यांना बाहेर काढते आणि पुन्हा विचारते."

"मग काय म्हणतात?"

"बहुतेक हो म्हणतात. काही नाही म्हणतात."

थोरलीने नळ बंद केला. ठिणगी काही लहान नाही, असं ती म्हणाली. लहान असती तर मी काळजी केली नसती, वहिनीचं उत्तर होतं. लहानपणी तिला कोणाची भीड पडत नव्हती. मग तिने नजर काढून घेतली. हो म्हण असं लेकीला पहिल्यांदा तीच म्हणाली होती. भीड भिकेची बहीण, हे रोज दवाखान्यात बघणाऱ्या बाईने घरात पाऊल टाकताच ते विसरावं, याचं तिलाच नवल वाटत होतं.

"ती नाही म्हणाली तर माझं काम राहिलं," थोरली म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाली. तिने हात पुसायला कागद पुढे केला.

कॅन्टीनपासून नियंत्रण कक्षापर्यंत लांब पडवी होती, एका बाजूला केबलचे जाडजूड गठ्ठे भिंतीला धरून गेलेले. थोरली सावकाश चालत गेली. मिळालेला 'हो' परत करायचा कोणी तिला आग्रह केला नव्हता. वहिनीनेही नाही. दुपारी शॉट होईल, बहुधा ठीक होईल, समितीला आकडे जातील, आणि हे जेवण सगळे विसरतील. बहुधा. या यंत्रावर दार उघडं असताना प्रवाह सुरू होऊ नये म्हणून कुलपं आहेत. तरुणपणी एका घाईच्या दिवशी कोणीतरी कुलपाची तार बाहेरून जोडून दिली होती. कुलूप बंद असल्याचं दिसत होतं, दार उघडं होतं. कोणाला इजा झाली नाही. तरी ते ज्याने केलं त्याच्याशी थोरली पुन्हा कधी काम करू शकली नाही.

कक्षात सगळे आपापल्या जागी बसले होते. मागे संचालक हाताची घडी घालून उभे. थोरली आपल्या खुर्चीपर्यंत गेली पण बसली नाही.

"सत्रप्रमुख," ती म्हणाली, "पूर्ण प्रवाहाचा प्रस्ताव माझा आहे. जेवताना त्यावर जे ठरलं ते मी धरत नाही. ते ठरवायची जागा ती नव्हती. तुमचा निर्णय इथे द्या."

 ठिणगीने आधी वीजसंचाच्या इंजिनिअरला विचारलं की बंद पडलेला संच सुरू व्हायची काही आशा आहे का. तो म्हणाला, नाही. मग ती थोरलीकडे वळली.

"मॅडम, उंची कमी व्हायच्या आत घसरला तर?"

"तर कोसळेल."

"शक्यता किती?"

"मी कमी धरते."

"आकडा?"

"अर्ध्या प्रवाहाचा आहे. पूर्ण प्रवाहाचा नाही. तो काढायलाच हा शॉट आहे."

कोणीतरी खुर्ची सरकवली. संचालक काही बोलतील असं दोघातिघांना वाटलं. ते बोलले नाहीत.

"पूर्ण प्रवाहाला नाही," ठिणगी म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "नाही. पाऊण चालेल."

थोरलीने खुर्ची ओढली. समोरच्या तरुणाचा हात कळफलकावर थांबलेला होता.

"पाऊण," ती म्हणाली आणि बसली.

वरच्या गॅलरीत काचेमागे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. खालचं बोलणं तिथे ऐकू येत नसे; फक्त घोषणा ऐकू येत. "पाऊण प्रवाह, शेवटचा शॉट," असं ध्वनिक्षेपकावर आलं, तेव्हा धाकट्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग नानांकडे. दिलेला शब्द पोरीने तासाभरात फिरवला, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाली की फिरवला नाही, आता कुठे दिला. त्याला ते कळलं नाही आणि तिने उलगडून सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांत बायको पहिल्यांदाच आपल्या बहिणीच्या बाजूने बोलते आहे असं त्याला वाटलं, आणि बाजू कुठली हे मात्र नेमकं ठरवता येईना.

तो नानांना म्हणाला, तुम्ही तरी सांगायचं होतं तिला, पात्राला काही होत नाही म्हणून.

"सांगितलं की," नाना म्हणाले. ते खाली बघत होते. "निवृत्त झाल्यापासून त्या पात्राला मी हात लावलेला नाही. मला काय ठाऊक त्याचं आता?"

उलटी मोजणी सुरू झाली. मोठ्या पडद्यावर पात्राच्या आतलं चित्र होतं, आधी काळं, मग एकदम जांभळट गुलाबी कडा उजळल्या. मधला भाग काळाच राहिला. धाकट्याला वाटलं, मधे पेटलं नाही. नाना म्हणाले, मधे सगळ्यात जास्त तापलंय, तापलेलं इतकं की डोळ्याला दिसत नाही. थोरलीने एकदा सांगितलं होतं. कडा स्थिर राहिल्या. मग ती आकृती बुटकी होऊ लागली, वरून आणि खालून थोडी थोडी. मग बारीक झाली. कडेचा रंग फिका झाला, एका बाजूला रेंगाळला आणि नाहीसा झाला. पडदा काळा.

धाकटा पुढे झुकून वाट बघत राहिला.

"कधी विझवणार?" त्याने विचारलं.

"विझवलं," नाना म्हणाले.

खाली कोणी ओरडलं नाही. थोरलीच्या पडद्यावर प्रवाहाची रेघ तिने आखून दिल्याप्रमाणे पायऱ्या उतरून शून्याला टेकली होती, एकही झटका नाही. वीजसंचाच्या इंजिनिअरने कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. संचालकांनी येऊन थोरलीशी हस्तांदोलन केलं, दोन शब्द बोलले. एकेक करून माणसं घरच्यांना भेटायला वर गेली. धाकटा काचेतून हात हलवत होता. थोरलीने त्याला पाच बोटं दाखवली, पाच मिनिटांत येतेच.

ठिणगी तिच्या शेजारी येऊन बसली. दोघी रेघेकडे बघत होत्या.

"रागावलीस?"

"हो."

ठिणगीने मान हलवली. तिने ते अपेक्षितच धरलं होतं. ती म्हणाली, "पूर्ण प्रवाहावरही असंच विझलं असतं. मला वाटतं, विझलं असतं."

"मग नाही का म्हणालीस?"

"वाटतं, एवढंच होतं माझ्याकडे."

 थोरलीने कळफलक जवळ ओढला. समितीला आजच कळवायचं होतं. पाऊण प्रवाहावर प्लाझ्मा न कोसळता विझला, हे पहिलं वाक्य तिने झरझर लिहिलं आणि खाली रेघेचं चित्र जोडलं. दुसरं वाक्य तिने लिहिलं, 'पूर्ण प्रवाहावरही याच रीतीने विझेल असं आम्हाला वाटतं.' ठिणगी शेजारी बसून वाचत होती. थोरलीने ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग मागून पुढे एकेक अक्षर खोडत गेली, आणि रिकाम्या जागेत लिहिलं: 'पूर्ण प्रवाहावर केलेलं नाही.'

पाठवायचं बटण दाबून ती उठली, आणि वर गॅलरीत सगळे तिची वाट बघत होते तिकडे निघाली.